मर्यादित यंत्रे, नव्या ऑपरेटिंग सिस्टीम आणि मराठी मजकूर : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

संगणकाची नवी ऑपरेटिंग सिस्टीम घडविताना तिच्या निर्मात्यांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. घरोघरी, कार्यालयांत व महाविद्यालयांत जी जुनी आणि कमी क्षमतेची यंत्रे वापरात आहेत, त्यांवर ही नवी सिस्टीम चालावी की नाही? ती चालवावयाची तर नव्या प्रोसेसरच्या अनेक सोयींना मुरड घालावी लागते. न चालवावी तर चालू स्थितीतील यंत्रे एका निर्णयाने निरुपयोगी ठरतात. संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हा प्रश्न बहुधा अभियांत्रिकीचा म्हणून मांडला जातो. वेग, मेमरी व खर्च यांचा मेळ घालणे एवढेच त्याचे स्वरूप तेथे दिसते.

महाराष्ट्रापुरता विचार केला तर या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती भाषेची. देवनागरी लिपी संगणकाकडून इंग्रजीपेक्षा अधिक काम मागते. त्यामुळे यंत्राची क्षमता किती आणि ऑपरेटिंग सिस्टीम त्या क्षमतेचा उपयोग कोणासाठी करते, यावर संगणकावरील मराठीचे स्वरूप ठरत गेले. प्रस्तुत निबंधात १९८३ ते २०२५ या काळातील काही ठळक टप्प्यांच्या आधारे हा संबंध तपासावयाचा आहे. जुन्या यंत्रांना सांभाळण्याचा भार कोणी ना कोणी उचलतोच. तो यंत्रात बसविलेल्या कार्डाने उचलला, ऑपरेटिंग सिस्टीमने उचलला की खुद्द मजकुराने, यावर त्या काळातील लेखन पुढील पिढीच्या हाती कोणत्या अवस्थेत पोहोचते हे अवलंबून राहिले, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

मल्टिटास्किंग आणि यंत्राची पात्रता

एकाच वेळी अनेक कामे चालविणे म्हणजे मल्टिटास्किंग. एकच प्रोसेसर प्रत्येक कामाला क्षणाचा काही भाग देतो आणि सर्व कामे एकत्र चालल्याचा अनुभव येतो. यासाठी दोन गोष्टी आवश्यक असतात. पहिली म्हणजे कोणत्या कामाला किती वेळ द्यावयाचा हे ठरविण्याचा अंतिम अधिकार ऑपरेटिंग सिस्टीमच्या हाती असणे. दुसरी म्हणजे एका कामाने दुसऱ्या कामाच्या मेमरीत हस्तक्षेप करू नये यासाठी प्रोसेसरमध्येच संरक्षणाची योजना असणे.

ऑगस्ट १९८१ मध्ये बाजारात आलेल्या आयबीएम पीसीमध्ये इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर होता. त्यात मेमरीच्या संरक्षणाची अशी योजना नव्हती. त्यावर चालणारी डॉस ही सिस्टीम एका वेळी एकच काम चालवीत असे आणि त्या कामाला संपूर्ण यंत्र मोकळे मिळत असे. १९८२ च्या ८०२८६ या प्रोसेसरमध्ये संरक्षित अवस्थेची सोय आली. १९८५ च्या ८०३८६ मध्ये मेमरीचे पानांत विभाजन करण्याची पद्धत आली, शिवाय जुन्या डॉस प्रोग्रामसाठी स्वतंत्र आभासी ८०८६ यंत्र निर्माण करण्याची सोयही आली. आधुनिक मल्टिटास्किंग सिस्टीमला जे जे हवे, ते ते पीसीच्या जगात ८०३८६ मुळे प्रथमच पूर्णपणे उपलब्ध झाले. मात्र कार्यालयांत असलेली बहुसंख्य यंत्रे त्याआधीच्या पिढीतील होती.

जुन्या यंत्राची अट : दोन उदाहरणे

या पेचाचे प्रसिद्ध उदाहरण ओएस/२ चे आहे. आयबीएम व मायक्रोसॉफ्ट यांनी संयुक्तपणे तयार केलेली ही सिस्टीम १९८७ मध्ये आली. तिने २८६ वर चालावे असे ठरले होते. ३८६ तोपर्यंत उपलब्ध झाला होता, तरीही २८६ च्या ग्राहकांना वाऱ्यावर सोडू नये, हा त्यामागील विचार होता. विचार न्याय्य असला तरी २८६ ची एक मर्यादा त्याच्या आड आली. संरक्षित अवस्थेत गेलेला हा प्रोसेसर पुन्हा जुन्या अवस्थेत आणण्यासाठी त्याला नव्याने सुरू करण्यासारखी खटपट करावी लागे. त्यामुळे ओएस/२ मध्ये एका वेळी एकच डॉस प्रोग्राम चालू शके आणि तो पडद्यावरून मागे गेला की थांबून राही. ज्या ग्राहकाला जुने यंत्र व जुने प्रोग्राम दोन्ही सांभाळावयाचे होते, त्याचेच समाधान होऊ शकले नाही. ३८६ साठी नव्याने रचलेली ओएस/२ ची दुसरी आवृत्ती १९९२ मध्ये आली, तोवर बाजार अन्यत्र वळला होता.

तो वळला विंडोजकडे. मे १९९० मध्ये आलेल्या विंडोजच्या ३.० या आवृत्तीने वेगळी युक्ती योजिली. एकाच संचात तीन अवस्था ठेवण्यात आल्या. ८०८६ वर्गातील यंत्रासाठी एक, २८६ साठी दुसरी व ३८६ साठी तिसरी. प्रत्येक यंत्राला त्याच्या वकुबाप्रमाणे सेवा मिळाली. तिच्यात विंडोजचे प्रोग्राम परस्परांच्या सौजन्यावर चालत. एखाद्या प्रोग्रामने ताबा सोडलाच नाही तर इतरांना थांबून राहावे लागे. खऱ्या अर्थाने आधुनिक म्हणता येईल अशी विंडोज एनटी ही सिस्टीम १९९३ मध्ये आली, परंतु तिला किमान १२ मेगाबाइट मेमरी लागे. त्या काळातील सामान्य खरेदीदाराच्या आवाक्याबाहेरची ही अपेक्षा होती.

हे दोन्ही प्रयोग परदेशात घडले, परंतु त्यांचे परिणाम येथपर्यंत आले. ते समजून घेण्यापूर्वी याच काळात आपल्याकडे मर्यादित यंत्रांवर देवनागरी आणण्याचा जो प्रयत्न झाला, त्याकडे पाहणे आवश्यक आहे.

जिस्ट कार्ड : भार यंत्राने उचलला

आयआयटी कानपूर येथे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी देवनागरी टर्मिनलवर संशोधन झाले आणि १९८३ मध्ये असे टर्मिनल सिद्ध झाले. या कामातूनच ‘ग्राफिक्स अँड इंटेलिजन्स बेस्ड स्क्रिप्ट टेक्नॉलॉजी’ म्हणजे जिस्ट हे तंत्रज्ञान आकाराला आले. मोहन तांबे हे त्याचे एक प्रमुख शिल्पकार होत. मार्च १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र म्हणजे सी-डॅक ही संस्था डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झाली आणि जिस्टचे पुढील काम तेथे सुरू झाले. सी-डॅकचे नाव सामान्यतः १९९१ च्या परम ८००० या महासंगणकामुळे घेतले जाते. परंतु त्याच संस्थेत अगदी साध्या पीसीसाठी चाललेले हे काम मराठीच्या दृष्टीने कमी महत्त्वाचे नव्हते.

अडचण अशी होती. डॉसच्या पडद्यावर २५ ओळी व प्रत्येक ओळीत ८० अक्षरे असत. प्रत्येक अक्षरासाठी एक ठराविक चौकट आणि एक बाइटचा संकेत राखून ठेवलेला असे. इंग्रजीला ही व्यवस्था पुरेशी होती. देवनागरीत मात्र मात्रा वर चढतात, उकार खाली उतरतात, जोडाक्षरे रूप बदलतात, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. हे सर्व जुळवून दाखविण्याइतकी सवड त्या यंत्राच्या प्रोसेसरला नव्हती आणि डॉसमध्ये तशी योजनाही नव्हती.

जिस्ट कार्ड हे यंत्राच्या आतील मोकळ्या खाचेत बसविण्याचे कार्ड होते. कळफलकाकडून येणारे आणि पडद्याकडे जाणारे संकेत त्याच्या माध्यमातून जात. देवनागरीचे आकार जुळविण्याचे कष्टाचे काम कार्डावर होई. डीबेससारख्या प्रोग्रामला याची गंधवार्ताही नसे. त्याच्या लेखी आठ बिटांचे संकेत येत व जात. अक्षरांवर आधारलेला जुना प्रोग्राम, जुनी सिस्टीम आणि जुने यंत्र यांपैकी काहीही न बदलता मराठी नावांची यादी संगणकात भरता येऊ लागली. हेच तंत्र जिस्ट टर्मिनलच्या रूपाने युनिक्सच्या बहुउपयोक्ता यंत्रणांनाही जोडता येत असे. तेथे अनेक कामे एकत्र चालविण्याचा भार मध्यवर्ती संगणकावर असे आणि लिपीचा भार मेजावरील टर्मिनलवर.

या योजनेचा गाभा तिच्या संकेतप्रणालीत होता. भारतीय लिप्यांसाठीची इस्की ही संकेतप्रणाली १९८० च्या दशकात विकसित होत गेली आणि १९९१ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ती आयएस १३१९४ या क्रमांकाने मानक म्हणून स्वीकारली. एका बाइटमधील २५६ संकेतांपैकी पहिले १२८ इंग्रजीसाठी जसेच्या तसे ठेवून वरच्या अर्ध्या भागात भारतीय वर्ण बसविण्यात आले. जुन्या प्रोग्रामशी सुसंगती राखण्याची ही काळजी होती. दुसरी बाब त्याहून महत्त्वाची आहे. इस्कीमध्ये वर्ण साठविले जात, त्यांचे आकार नव्हे. ‘किल्ला’ हा शब्द उच्चाराच्या क्रमानेच साठविला जाई. ऱ्हस्व वेलांटी पडद्यावर आधी दिसावी, ल चा ल्ल व्हावा, ही जबाबदारी दाखविणाऱ्या यंत्रणेची होती. परिणामतः मजकूर यंत्रापासून स्वतंत्र राहिला. कार्ड गेले तरी मजकुराचा अर्थ लावता येत असे.

जिस्ट कार्डालाही मर्यादा होत्या. प्रत्येक यंत्रामागे कार्डाचा वेगळा खर्च करावा लागे आणि चित्ररूपाने पडदा रेखाटणाऱ्या प्रोग्रामला त्याचा उपयोग नसे. विंडोजचा प्रसार होताच ही दुसरी मर्यादा निर्णायक ठरली. विंडोजमध्ये पडद्यावरील प्रत्येक अक्षर सिस्टीम स्वतः चित्राप्रमाणे रेखाटत असे. मध्ये थांबून संकेतांचे रूपांतर करणाऱ्या कार्डाला त्या व्यवस्थेत जागा उरली नाही.

चार मेगाबाइटची अट

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ प्रकाशित झाली. घरगुती संगणकावर खरे मल्टिटास्किंग आणणारी ही सिस्टीम ३८६ डीएक्स प्रोसेसर व ४ मेगाबाइट मेमरी असलेल्या यंत्रावर चालावी, असे बंधन तिच्या निर्मात्यांनी स्वतःवर घालून घेतले होते. ८ मेगाबाइटची शिफारस होती, परंतु किमान अट चारचीच होती. हे बंधन पाळण्यासाठी अनेक तडजोडी झाल्या. नव्या ३२ बिटी प्रोग्रामना सक्तीने वेळ वाटून देणारी व्यवस्था आली, मात्र सिस्टीमचा बराच भाग जुना १६ बिटीच ठेवण्यात आला. त्या भागात एका वेळी एकाच कामाला प्रवेश असल्याने एखादा जुना प्रोग्राम अडून बसला की इतरांचीही वाट अडे.

मराठीच्या दृष्टीने निर्णायक ठरलेली तडजोड वेगळीच होती. जगातील सर्व लिप्यांसाठी एकच संकेतसंच असावा या हेतूने युनिकोडची पहिली आवृत्ती ऑक्टोबर १९९१ मध्ये आली होती. तिच्यातील देवनागरी विभाग १९८८ च्या इस्कीवर आधारलेला होता. पुण्या-कानपूरकडील कामाचे तत्त्व अशा रीतीने जागतिक मानकात पोहोचले होते. विंडोज एनटीने आपल्या अंतर्भागात युनिकोड स्वीकारले. विंडोज ९५ ने मात्र मजकुरासाठी आठ बिटांचे जुने संकेतसंचच प्रामुख्याने चालू ठेवले. युनिकोडमध्ये त्या काळी प्रत्येक वर्णाला दोन बाइट लागत आणि ४ मेगाबाइटच्या यंत्रात ही चैन परवडणारी नव्हती. मेमरीची काटकसर हे या निर्णयामागील एक प्रमुख कारण होते. आठ बिटी संकेतसंच विविध युरोपीय भाषांसाठी, अरबीसाठी, जपानीसाठी होते. देवनागरीसाठी विंडोजमध्ये तसा संचच नव्हता.

येथे एक विरोधाभास दिसतो. जुन्या, स्वस्त यंत्रांना सामावून घेण्याचा निर्णय हा महाराष्ट्रातील सामान्य ग्राहकाच्या हिताचाच होता. नागपूर, अमरावती किंवा चंद्रपूर येथील ज्या महाविद्यालयाने मोठ्या कष्टाने एखादे यंत्र घेतले होते, त्याला नवी सिस्टीम त्याच यंत्रावर वापरता आली. परंतु त्याच निर्णयामुळे त्या ग्राहकाची भाषा सिस्टीमच्या बाहेर राहिली. १९९८ मध्ये विंडोज ९८ आली, किमान मेमरीची अट १६ मेगाबाइटपर्यंत वाढली, तरी अंतर्गत रचना तीच राहिल्याने मराठीची स्थिती बदलली नाही.

आकारांचे फॉन्ट : भार मजकुराने उचलला

सिस्टीमने दिलेली ही पोकळी फॉन्टनी भरून काढली. १९९२ च्या विंडोज ३.१ पासून ट्रूटाइप फॉन्टची सोय आली होती. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसविलेला फॉन्ट तयार केला की संगणकाला इंग्रजी वाटणारा मजकूर माणसाला मराठी दिसू लागे. सी-डॅकने आयएसएम व लीप ऑफिस ही सॉफ्टवेअर दिली आणि फॉन्टसाठी स्वतःची संकेतपद्धती आखली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, बंगळूरचे आकृती आणि शिवाजी, कृतीदेव यांसारखे फॉन्ट सर्वत्र पसरले. वृत्तपत्रे, मुद्रणालये, शासकीय कार्यालये, महाविद्यालयांची वार्षिके व प्रबंध यांची अक्षरजुळणी या मार्गाने होऊ लागली. १९९० च्या दशकात मराठीचे संगणकावरील दैनंदिन व्यवहार या फॉन्टनीच चालविले, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे. जुन्या यंत्रावर, फारशी मेमरी न मागता, सुंदर मराठी छापून मिळत होती.

त्याची किंमत मात्र मजकुराला मोजावी लागली. या फॉन्टमध्ये वर्णांऐवजी आकार साठविले जात. ‘किल्ला’ लिहिताना आधी वेलांटी, मग क, मग अर्धा ल, असा दिसण्याचा क्रम साठविला जाई. ‘सूर्य’ या शब्दात रफाराचा संकेत य च्या नंतर येई. शिवाय प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी. एका फॉन्टमधील मजकुराला दुसरा फॉन्ट लावला की निरर्थक चिन्हांची रांग उमटे. शब्द शोधणे, अकारविल्हे लावणे, शुद्धलेखन तपासणे, एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फाइल पाठविणे, ही संगणकाची मूलभूत कामे अशा मजकुरावर विश्वासाने करता येत नाहीत. अंध व्यक्तींसाठीची वाचनयंत्रणा तो वाचू शकत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने ते मराठी नसतेच.

इस्कीने मजकूर व त्याचे दर्शन यांत जी सीमारेषा आखली होती, ती येथे पुसली गेली. यंत्र बदलल्यावर जिस्ट कार्डाचा प्रश्न संपला, फॉन्टचा संपला नाही. यंत्रे भंगारात गेली, परंतु त्यांच्या मर्यादा फाइलींमध्ये गोठून राहिल्या. या फाइली युनिकोडमध्ये आणणारी साधने आज उपलब्ध आहेत. तथापि प्रत्येक फॉन्टसाठी वेगळे कोष्टक लागते, मध्येच आलेले इंग्रजी शब्द, आकडे व विरामचिन्हे गोंधळ उडवितात आणि रूपांतरानंतर मनुष्याने मुद्रितशोधन करावेच लागते.

विदर्भाच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. नागपूर विद्यापीठ आणि विदर्भ साहित्य संघ या दोन्ही संस्था १९२३ च्या. उच्च न्यायालयाचे खंडपीठ, शासकीय कार्यालये व मराठी वृत्तपत्रे यांमुळे नागपूर हे मराठी मजकूर मोठ्या प्रमाणावर निर्माण करणारे शहर आहे. येथील १९५० सालचा छापील अंक ग्रंथालयात काढून वाचता येतो. १९९७ सालच्या एखाद्या प्रबंधाची फाइल मात्र, तिचा फॉन्ट हाती नसेल तर, समोर असूनही वाचता येत नाही. प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकाला या फरकाला तोंड द्यावे लागणार आहे.

युनिकोडचे आगमन व नव्या यंत्राची सक्ती

फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० आली. एनटीच्या परंपरेतील या सिस्टीममध्ये हिंदी, मराठी, कोकणी, संस्कृत व तमिळ या भाषांना प्रथमच सिस्टीमच्या पातळीवर आधार मिळाला. वर्णांपासून आकार जुळविण्याचे जे काम पूर्वी जिस्ट कार्ड करीत असे, ते आता सिस्टीममधील एक स्वतंत्र घटक करू लागला. तिच्यासोबत आलेल्या मंगल या देवनागरी फॉन्टचे आरेखन नामवंत सुलेखनकार व कवी र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी केले होते. मुंबईतील जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र म्हणजे एनसीएसटी या संस्थेशी त्यांचा निकटचा संबंध होता.

मात्र विंडोज २००० साठी १३३ मेगाहर्ट्झचा पेंटियम वर्गातील प्रोसेसर लागे आणि ६४ मेगाबाइट मेमरीची शिफारस होती. विंडोज ९५ च्या किमान अटीच्या ही सोळापट होय. याचा अर्थ असा की शुद्ध स्वरूपातील मराठी हवी असेल तर जवळपास नवे यंत्र घ्यावे लागे. ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली, तिच्यातही भारतीय लिप्यांची सोय आपोआप सुरू नसे. प्रादेशिक व्यवस्थेत जाऊन एक खूण करावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडी हाताशी असावी लागे. जुने यंत्र, परिचित फॉन्ट आणि सरावलेले टंकलेखक ज्यांच्याकडे होते, त्यांना बदलण्याचे तातडीचे कारण दिसत नव्हते. त्यामुळे युनिकोड उपलब्ध झाल्यानंतरही अनेक वर्षे आकारांच्या फॉन्टमध्येच लेखन होत राहिले.

एनसीएसटीने लिनक्ससाठी हाती घेतलेला इंडिक्स हा प्रकल्प या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. लिनक्समध्ये पडदा सांभाळणाऱ्या एक्स विंडो या पायाभूत थरातच भारतीय लिप्यांची सोय करावी, म्हणजे वरच्या प्रोग्रामना वेगळे बदल करावे लागणार नाहीत, अशी त्यामागील भूमिका होती. जिस्ट कार्डाची दृष्टीही हीच होती, केवळ कार्डाची जागा सिस्टीमच्या एका थराने घेतली. एनसीएसटी ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली.

जुन्या सिस्टीमवर थांबून राहण्याचे परिणाम किती सूक्ष्म असू शकतात, याचे उदाहरण ‘ॲ’ या अक्षरात सापडते. मराठीत नित्य लागणारे हे अक्षर युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, म्हणजे २००८ मध्ये, स्वतंत्र वर्ण म्हणून समाविष्ट झाले. त्याआधी आलेल्या एक्सपीच्या मंगल फॉन्टमध्ये ते नव्हते. तेथे या अक्षराच्या जागी रिकामी चौकट दिसे. म्हणून अनेकांनी अ ला चंद्र वेगळा जोडून लिहिण्याचा मार्ग चालू ठेवला. एक्सपीचा आधार एप्रिल २०१४ मध्ये थांबला, तरी दोन पद्धतींनी लिहिलेला मजकूर आजही शेजारी शेजारी नांदतो आणि एका पद्धतीने शोधले असता दुसऱ्या पद्धतीचा शब्द सापडेलच याची खात्री नसते.

मुद्दाम लहान ठेवलेले यंत्र : खैरातचा प्रयोग

आतापर्यंत पाहिलेली यंत्रे काळाच्या ओघात जुनी झालेली होती. ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय योजनेतील एक्सओ हा लॅपटॉप मात्र स्वस्त व काटक असावा म्हणून मुळातच मर्यादित ठेवलेला होता. भारतातील त्याचा पहिला शालेय प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात येथील लहान प्राथमिक शाळेत सुरू झाला. या यंत्रात ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ मेगाबाइट मेमरी आणि साठवणीसाठी १ गिगाबाइटची फ्लॅश मेमरी होती. त्यावर फेडोरा लिनक्सवर आधारलेली सिस्टीम व मुलांसाठी रचलेले शुगर हे दर्शन होते.

मोठ्या संगणकात मेमरी अपुरी पडली की तिचा काही भाग तात्पुरता हार्ड डिस्कवर ठेवला जातो. या लहान यंत्रात हार्ड डिस्क नव्हती आणि फ्लॅश मेमरीवर वारंवार लेखन करणे तिच्या आयुष्याला घातक होते. साहजिकच मुलाने एकामागून एक अनेक उपक्रम उघडले की यंत्र मंदावत असे, प्रसंगी सिस्टीमला एखादे काम बंद करावे लागे. असे असूनही भाषेच्या दृष्टीने हे यंत्र १९९५ च्या यंत्रांपेक्षा पुढे होते, कारण त्यातील सिस्टीम मुळातच युनिकोडवर उभी होती. कमी शक्तीचे यंत्र वेगाच्या बाबतीत तडजोड करते, पण मजकूर शुद्ध ठेवते, हे येथे दिसून आले. जुन्या यंत्रासाठी काय सोडावे आणि काय सोडू नये, याचा निर्णय शक्य असतो, असा याचा अर्थ आहे.

आधार केव्हा काढून घ्यावा

जुन्या यंत्रांना कायम सांभाळावे असे म्हणणे व्यवहार्य नाही. लिनक्सचा जन्म १९९१ मध्ये ३८६ वरच झाला. तरीही डिसेंबर २०१२ मध्ये ३८६ चा आधार काढण्याचा निर्णय झाला आणि फेब्रुवारी २०१३ च्या ३.८ या आवृत्तीपासून तो अमलात आला. ३८६ मध्ये काही आवश्यक सूचना नव्हत्या. अनेक प्रोसेसर एकत्र चालविणाऱ्या आधुनिक यंत्रांसाठी लिहिलेल्या भागात त्याच्यासाठी वेगळी तरतूद प्रत्येक वेळी करावी लागे. एकवीस वर्षांनंतर घेतलेल्या या निर्णयाने क्वचितच कोणाची अडचण झाली असेल. ऑगस्ट २०२५ मधील डेबियनच्या तेराव्या आवृत्तीने ३२ बिटी पीसीवर नव्याने स्थापना करण्याची सोय थांबविली, तेथेही असाच दीर्घ काळ गेला होता.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला, ते प्रकरण याहून वेगळे आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारणपणे २०१७ नंतरच्या पिढीतील प्रोसेसर आवश्यक ठरविण्यात आला. सुरक्षेचे कारण खरे आहे. तथापि वेग व मेमरी यांच्या दृष्टीने काम करण्यास समर्थ असलेली यंत्रे यामुळे अधिकृत मार्गाबाहेर गेली. भारतात ई-कचऱ्याबाबतचे पहिले स्वतंत्र नियम २०११ चे आहेत आणि सध्याचे २०२२ चे नियम एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांचा भर उपकरणांच्या उत्पादकांवर आहे. एखादी सिस्टीम आधार काढून घेते तेव्हा उपकरण न बिघडताही कचरा होते, या बाबीकडेही धोरणकर्त्यांचे लक्ष जाणे आवश्यक आहे.

महाविद्यालयांसाठी एक मार्ग खुला आहे. ६४ बिटी जुन्या यंत्रांवर हलके दर्शन असलेली लिनक्स प्रणाली बसविल्यास ग्रंथालयातील सूची, टंकलेखन व अध्यापन ही कामे चालू शकतात. १९९५ मध्ये जुने यंत्र चालू ठेवणे म्हणजे मराठीशी तडजोड करणे होते. आज तशी स्थिती नाही, कारण युनिकोड व देवनागरी जुळवणी या मुक्त प्रणालींच्या पायातच आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. जुन्या हार्डवेअरला आधार देणे हा ‘होय किंवा नाही’ असा सरळ प्रश्न नाही. तो भार कोणत्या थराने उचलावा, हा खरा प्रश्न आहे. जिस्टमध्ये तो कार्डाने उचलला, विंडोज २००० व इंडिक्समध्ये सिस्टीमने, तर १९९० च्या दशकातील फॉन्टच्या बाबतीत मजकुराने.

२. यंत्र काही वर्षे टिकते, सिस्टीम त्याहून थोडी अधिक आणि मजकूर पिढ्यानपिढ्या. म्हणून यंत्राच्या मर्यादेचा भार मजकुरावर टाकणे हा तिन्हींपैकी सर्वांत महागडा पर्याय ठरला. त्या वेळी तो सर्वांत स्वस्त वाटला होता.

३. विंडोज ९५ ची चार मेगाबाइटची अट ही दुबळ्या ग्राहकाच्या हिताची होती आणि त्याच ग्राहकाच्या भाषेला बाहेर ठेवणारीही होती. किमान क्षमतेची अट ठरविताना कोणत्या भाषा त्या मर्यादेत सामावतात, हे तपासणे म्हणूनच आवश्यक आहे.

४. आकारांच्या फॉन्टमध्ये अडकलेला मराठी मजकूर सोडविण्याचे काम अद्याप पूर्ण झालेले नाही. मूळ फॉन्ट, त्यांची कोष्टके व ते वापरणारे अक्षरजुळारी उपलब्ध आहेत तोवरच ते सुकर आहे. विद्यापीठांनी व साहित्यसंस्थांनी आपल्या संग्रहातील अशा फाइलींची नोंद करून, फॉन्टचे नाव तरी प्रत्येक फाइलीसोबत लिहून ठेवणे, ही त्या दिशेने पहिली व अल्पखर्चाची पायरी होय.

ऑपरेटिंग सिस्टीमचा इतिहास बहुधा कंपन्यांच्या स्पर्धेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मर्यादित यंत्रांच्या बाजूने तो वाचला तर त्यात एका भाषेच्या दप्तराचा इतिहासही दिसतो. ते दप्तर वाचनीय ठेवण्याची जबाबदारी संगणकतज्ज्ञांइतकीच भाषा व इतिहास यांच्या अभ्यासकांवरही आहे.